पद्मिनीच्या चार नोकऱ्या

जूनअखेर तिच्या तपासणीचा अहवाल बिनबोभाट मंजूर झाला, तर नीलिमाच्या पदरात बरंच काही पडणार होतं. नावामागे सीनियर, वर्षाला सहा हजार युरो जास्त, आणि या दोन्हींहून मोलाचा तो स्टॅम्प फोर नावाचा शिक्का, ज्याच्यावर आयर्लंडमध्ये कुठेही नोकरी करता येते. त्याला सात आठवडे उरले होते. तोवर तिचा परवाना कंपनीच्या नावाला बांधलेला. कंपनीने हात सोडला, की सगळं पहिल्यापासून. तेव्हा सात आठवडे कुणाच्या डोळ्यावर यायचं नाही, एवढाच तिचा बेत.

बॉल्सब्रिजमधली तिची कंपनी गरीब देशांच्या रोजगार योजना तपासून देई. सध्याची योजना महाराष्ट्रातली होती. कारखान्याने नवा माणूस नेमला, की माणशी अनुदान. पैसा युरोपातल्या एका निधीचा, म्हणून तपासणी डब्लिनला. चार वर्षांत कागदावर नव्या नोकऱ्या झाल्या बारा हजार चारशे.

"तुला भाषा येते," साहेब कॉनर म्हणाला होता, "पन्नास जणांना फोन कर, की झालं. ग्रँड."

एकेचाळीस फोन ग्रँडच झाले. बेचाळिसावा शाळेचे गणवेश शिवणाऱ्या पद्मिनीला. तिकडे जेवणाची सुट्टी होती, मागे डब्यांचा खडखडाट.

"ही नोकरी तुम्हाला कधी लागली?"

"कितव्यांदाची विचारताय, ताई?"

"म्हणजे?"

"चार वेळा लागली की. अकरा महिने झाले की ब्रेक देतात. पंधरा दिवस घरी बसायचं, मग नवा फॉर्म, नवा नंबर. मशीन तेच, स्टूल तेच. स्टुलाला नाही कुणी ब्रेक देत."

नीलिमा हसली, आणि हसता हसताच तिने पेन उचललं.

"सगळ्यांनाच देतात?"

"आमच्या शेडमध्ये एकशे साठ बाया आहेत, सगळ्यांना. पण माझं नाव नका घेऊ हं. घरात कमावती मी एकटीच."

"नाव कुठेही जाणार नाही," नीलिमा म्हणाली. हे वाक्य फॉर्मवर छापलेलंच होतं.

फोन ठेवून तिने आकडेमोड केली. बायका एकशे साठ, नोकऱ्या सहाशे चाळीस. बाकीच्या शेडमध्ये हेच चालू असेल तर? आणि एक नंबर म्हणजे एक नोकरी, हा मोजणीचा नियम मागच्या वर्षी लिहिला कुणी? तिनेच.

नवरा सतीश किलकेनीच्या हॉस्पिटलात डॉक्टर. ड्यूटीच्या मधल्या सुट्टीत त्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं.

"लिहिलंस तर कॉनर विचारणार, नियम कुणाचा. नाही लिहिलंस आणि उद्या दुसऱ्या कुणी शोधलं, तरी तोच प्रश्न. कुऱ्हाडही तुमची, मॅडम, आणि पायही तुमचाच."

"चेष्टा नको रे. मला खरंच भीती वाटतेय."

"मग आरोप कशाला करतेस? नुसतं विचार. शंका विचारली म्हणून कुणाची नोकरी जात नाही."

पटलं तिला. भ्यालेल्या हुशार माणसाला मधला मार्ग चटकन पटतो. तिने कॉनरला दोन ओळी लिहिल्या: या चार नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत काय, खुलासा व्हावा. पद्मिनीचं नाव खोडलं, फोन नंबर खोडला. नोंदींचे चार क्रमांक मात्र ठेवले, नाहीतर शंका कशाबद्दल ते कसं कळणार?

मग चार दिवस कॉनर टेबलाजवळून गेला, की ती मान खाली घालून कागद चाळत बसे. पाचव्या दिवशी तो थांबला.

"तुझी ती शंका. मी तशीच योजनेच्या कार्यालयाला पाठवली, त्यांनी कारखान्याला. हे बघ उत्तर. तत्पर आहेत तुमचे लोक."

तिने वाचलं. 'सदर चार नोंदी दुबार आढळल्याने रद्द. संबंधित महिलेस कामावरून कमी करण्यात आले आहे. उर्वरित यादी बिनचूक.'

तिने मधलं वाक्य पुन्हा वाचलं. ते क्रमांक कारखान्यानेच दिलेले. तिथे क्रमांक म्हणजेच नाव, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"इतक्या मोठ्या यादीत एकच चूक," कॉनर म्हणाला. "तुझा नियम पक्का आहे."

"पण बाकीच्या..."

"बाकीच्या काय?"

तो खरोखर ऐकायला थांबला होता.

"काही नाही."

दुसऱ्या दिवशी, तिकडच्या जेवणाच्या सुट्टीच्या वेळी, तिने पद्मिनीला फोन लावला. या वेळी मागे डबे वाजत नव्हते.

"ताई, नाव घेणार नव्हता ना तुम्ही."

"मी नाव नाही दिलं हो. मी फक्त..."

"असू दे. बाकीच्या बायांना मी सांगून ठेवलंय, परदेशातला फोन उचलायचा नाही."

यादीतल्या उरलेल्या आठही जणी त्याच कारखान्यातल्या. त्यांच्यापैकी एकीनेही उचलला नाही. नीलिमाने त्यांच्यापुढे 'संपर्क झाला नाही' असं लिहिलं. तेही नियमात बसत होतं.

अहवाल मंजूर झाला. कारखान्याला पुढच्या वर्षीचं अनुदान मिळालं, सरकारला बारा हजार तीनशे शहाण्णव नोकऱ्यांचा आकडा, कॉनरला पुढच्या योजनेचं कंत्राट, नीलिमाला तिचा शिक्का आणि अनोळखी नंबर दिसला की धडधडणारी छाती. पगार मात्र बुडाला तो फक्त पद्मिनीचा.