कोर्टाला सुट्टी

मास्तरांनी काळ्या कोटाला पोपटी अस्तर लावलं, शेवटचा दोरा दातांनी तोडला आणि कोट उलटा करून टेबलावर, बरोबर बायकोच्या नाकासमोर पसरला.

"कसं दिसतंय?"

मास्तरीणबाई काज करत होत्या. त्यांनी मान वर केली. कोट शाळेच्या मुख्याध्यापकांचा होता, आणि त्या सद्गृहस्थांनी उभ्या आयुष्यात काळ्या-करड्या रंगांच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं. बाईंच्या भुवया वर गेल्या. ओठ हलले. मास्तर स्टुलावर सरसावून बसले. आता येणार, आता तोफ सुटणार!

"छान आहे," बाई म्हणाल्या आणि पुन्हा काजाकडे वळल्या.

मास्तरांनी कोट परत ओढला आणि पोपटी अस्तर उसवायला घेतलं. आपणच घातलेला टाका आपणच उसवायचा म्हणजे हात दाखवून अवलक्षण. त्यातून बाईंना डिवचायचा हा तिसरा प्रयत्न होता. आधी त्यांनी एका पँटचा एकच खिसा तिरका कापून पाहिला होता. मग बाईंच्या बहिणीला "स्वयंपाकात तुझ्यापेक्षा तिचा हात चांगला" असं सर्टिफिकेट देऊन झालं होतं. तिन्ही वेळा बाईंनी मूग गिळले होते.

या शिंप्याच्या दुकानाला गल्लीत 'कोर्ट' म्हणत. मास्तर कापायचे, बाई शिवायच्या, आणि मधल्या टेबलावरून दिवसभर वाद चालायचा. खांदा उतरता हवा की सपाट, पाऊस पडेल की नाही, लेकीचं नाक आईवर गेलंय की बापावर. विषयांना तोटा नव्हता. आदळआपट नाही, शिवीगाळ नाही, फक्त शब्दाला शब्द. गिऱ्हाइकं माप देता देता बाजू घ्यायची. शेजारचा चष्मेवाला हाताला काम नसलं की दारात येऊन उभा राहायचा आणि विचारायचा, "काय, कुठपर्यंत आलंय?" लग्नाच्या पहिल्या आठवड्यात उशीच्या अभ्र्यावरून जे सुरू झालं होतं ते अजून निकालात निघालं नव्हतं, आणि निकालाची घाई दोघांनाही नव्हती.

मग ते पोटाचं निघालं. पित्ताचे खडे आहेत का बघायला मास्तर सोनोग्राफीला गेले आणि खडे राहिले बाजूला, भलतंच हाती लागलं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. हृदयापासून निघून पोटातून खाली जाणारी ही मोठी रक्तवाहिनी. वय, तरुणपणीच्या सिगारेटी, रक्तातली चरबी आणि वाढलेला रक्तदाब यांनी मिळून तिच्या भिंतीतला जीव काढून घेतला होता. भिंत सैल पडली होती, आणि एका जागी ती रक्ताच्या रेट्याने बाहेर फुगली होती.

"म्हणजे जुनी पँट गुडघ्यावर फुगते, तशी?" मास्तरांनी विचारलं.

"अगदी तशी!" डॉक्टर खूश झाले. "फक्त पँट फाटली तर ठिगळ लावायला वेळ मिळतो. ही फाटली तर बहुतेक वेळा मिळत नाही. म्हणून फाटायच्या आधीच दुरुस्त करून टाकू. पोट उघडायचं आणि फुगलेल्या जागी कापडाची नळी शिवायची."

एवढ्या सगळ्यातून मास्तरांच्या कानांनी एकच शब्द उचलला.

"कापड कुठलं?"

"पॉलिस्टर."

मास्तरांचा चेहरा पडला. पॉलिस्टर! चुरगळत नाही, टिकतं, गिऱ्हाईक मागतं, म्हणून दुकानात पॉलिस्टरचे तागे ठेवू या, असं बाई किती काळ सांगत होत्या. मास्तरांनी एक तागा उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता. आणि आता ते थेट त्यांच्या पोटात जाणार होतं. त्यांनी चोरट्या नजरेने बायकोकडे पाहिलं. असा मोका तिला सात जन्मांत मिळाला नसता. बाई डॉक्टरांच्या चित्राकडे बघत होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मोका त्यांनी तसाच जाऊ दिला.

मास्तरांना पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा.

निघताना डॉक्टरांनी बजावलं, "ऑपरेशनपर्यंत जड उचलायचं नाही, गोळ्या चुकवायच्या नाहीत, रक्तदाब चढू द्यायचा नाही. मनस्ताप अजिबात नको."

झालं. त्या दिवसापासून कोर्टाला सुट्टी लागली. मास्तर म्हणतील ती पूर्व दिशा. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तर "घालते हं." जास्त आहे म्हणावं, तर "उद्या कमी घालते." लेक माहेरी राहायला आली तीच तोंडावर बोट ठेवून. तीही बापाच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवू लागली. चष्मेवाला दोनदा येऊन दारातून आत डोकावला आणि दुखवट्याला आल्यासारखं तोंड करून परत गेला. दुकानात मशीनचा आवाज तेवढा राहिला. मास्तरांना तो पूर्वी कधी ऐकूच आला नव्हता.

ते कातर हातात घेऊन नुसते बसून राहू लागले. लोकांना वाटे, दुखण्याने खचले. दुखणं असं काही नव्हतंच. ती फुगलेली जागा दुखतही नव्हती. त्यांना खुपत होतं ते वेगळंच. भिंतीवरच्या तसबिरीशी कोणी वाद घालत नाही, तिला फक्त नमस्कार करतात. आपली तसबीर झाली आहे, आणि ती आपल्या बायकोनेच टांगली आहे, असं त्यांना वाटायला लागलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी ते दवाखान्यात दाखल झाले. वॉर्डमध्ये स्वच्छ पांढऱ्या चादरी होत्या आणि पलीकडच्या खाटेवर एक जाडजूड ट्रकड्रायव्हर रेडिओ कानाला लावून पडला होता. बाई डबे, टॉवेल, चपला जागच्या जागी लावत होत्या. मास्तरांनी शेवटचा बाण काढला.

"हे बघ, उद्या माझं काही बरंवाईट झालं, तर दुकान विकून टाक."

हे दुकान बाईंनी आपल्या हाताने रंगवलं होतं. त्याची पाटी कोणत्या रंगाची असावी यावर दोघांनी अख्खा उन्हाळा काढला होता. आता तरी ती उसळेल. तिने चिडावं, माझं दुकान मी काय म्हणून विकू म्हणावं, काहीही म्हणावं.

"तुम्ही म्हणाल तसं," बाई म्हणाल्या आणि टॉवेलाची घडी घातली.

मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले. एवढ्या वर्षांचा संसार, आणि हिने आपल्याला हिशेबातून वजासुद्धा करून टाकलं!

दुपारी डॉक्टर आले. नर्सने दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आकडा वाचला. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली.

"हा तर वाढलाय. असाच राहिला तर उद्याचं पुढे ढकलावं लागेल. गोळ्या घेताय ना? घरी काही ताण आहे का?"

"आहे ना!" मास्तर ताडकन उठून बसले. "ही भांडत नाही!"

"काय?"

"भांडत नाही, डॉक्टर. तुमच्याकडून घरी गेलो तेव्हापासून एक शब्द उलटून बोललेली नाही. काळ्या कोटाला पोपटी अस्तर लावलं तर छान म्हणते. दुकान विक म्हटलं तर बरं म्हणते. माणसाने जगायचं कसं?"

पलीकडच्या ट्रकड्रायव्हरने रेडिओ बंद केला.

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या होत्या. "तुम्हीच म्हणाला होतात ना," त्या कशाबशा म्हणाल्या, "मनस्ताप नको म्हणून. मी म्हटलं, माझ्या एखाद्या शब्दाने ती पिशवी फुटली तर? मग मी बोलतच नाही. रात्रभर जीभ चावून पडते."

"मनस्ताप नको म्हणालो खरा," डॉक्टर हसू दाबत म्हणाले, "पण यांना मनस्ताप कशाचा होतो ते विचारायचं राहिलं. आता एक गोळी वाढवतो. जड उचलायला बंदी आहे, ती तशीच. बोलायला बंदी नाही. संध्याकाळी पुन्हा बघू."

ते गेले. बाई चपला पुन्हा एकदा खाटेखाली सरळ करत बसल्या. त्यांना एकदम कुठून सुरुवात करावी ते कळेना. मग मास्तरच पुढे झाले.

"ते कापायचं टेबल," ते छताकडे बघत म्हणाले. "लेकीला सांगत होतीस ना, खिडकीखाली हलवायचं म्हणून? मी ऐकलंय. ते जागचं हलणार नाही. खिडकीत ऊन येतं. कापडाचा रंग उडतो."

बाईंचा हात चपलेवर थांबला.

"ऊन?" त्या हळूच म्हणाल्या. मग उठून उभ्या राहिल्या. "त्या खिडकीत ऊन? समोर ती ढिम्म इमारत उभी आहे, तिच्यातून ऊन काय वळसा घालून येतं? चष्मेवाल्याला विचारा, दुपारी बारालासुद्धा दिवा लावून बसतो. रंग उडतो म्हणे! अंधारात कापून कापून नजर गेली तुमची, म्हणून काळ्याला पोपटी लागतं!"

"पोपटी मी मुद्दाम लावलं होतं!"

"ते कळत नाही होय मला? आंधळी आहे मी? ते बघून अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, आणि छान म्हणायचं! आणि तुमच्या त्या पोटात उद्या काय घालणार आहेत, ते तरी बोलते का मी? पॉलिस्टर! टिकतं म्हणून घालतात. डॉक्टरसुद्धा टिकतं तेच वापरतात. सांगा त्यांना, लोकर घाला म्हणावं!"

"अगं, हळू!"

"आता हळू! एवढे दिवस मग काय करत होते मी? आणि दुकान विकायचं काढताय? माझ्या दुकानातलं टेबल हिवाळ्याच्या ऑर्डरी संपल्या की खिडकीखाली जाणार, आणि ते तुम्हीच हलवणार. तोवर उचलायची बंदी उठलेली असेल तुमची. मी हातसुद्धा लावणार नाही!"

मास्तर वाद विसरून तिच्याकडे बघत राहिले. हिवाळ्याच्या ऑर्डरी संपल्यावर. म्हणजे पुढचं वर्ष. हिने तर आपल्याला पुढच्या वर्षाचं काम लावून ठेवलंय. त्यांना इतका आनंद झाला की उत्तर द्यायला क्षणभर उशीर झाला, आणि तेवढ्यात ट्रकड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, बाईंच्या बोलण्यात दम आहे हं."

"तुम्ही ती खिडकी पाहिली आहे का?" मास्तर त्याच्यावर उलटले, आणि मग संध्याकाळपर्यंत तिघांनाही उसंत मिळाली नाही. लेक डबा घेऊन आली ती आवाज ऐकून दारातच थबकली आणि आधी घाबरली, मग हसत आत आली. नर्सने वाद चालू असतानाच दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब बराच खाली आला होता. वाढवलेल्या गोळीचा गुण असणारच, पण मास्तरांनी श्रेय कोणाला दिलं ते वेगळं सांगायला नको.

सकाळी ट्रॉली आली. मास्तरांना हिरवा झगा घातला होता, आणि त्याची शिवण इतकी वाकडी होती की त्यांनी नजरच तिकडून काढून घेतली. ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत बाई ट्रॉलीच्या बाजूने चालत आल्या. लेक मागे होती. दाराशी ट्रॉली थांबली. बाईंनी त्यांच्या अंगावरची चादर उगाचच नीट केली. त्यांचे केस विस्कटले होते, रात्री खुर्चीत बसूनच डुलकी काढली असावी. मास्तरांचं मन भरून आलं. हिला काहीतरी द्यावं, असं त्यांना फार वाटलं. पण झग्याला खिसासुद्धा नव्हता. द्यायला जवळ होतं ते एकच.

"ऐक," ते म्हणाले. "तुझंच बरोबर आहे. टेबल खिडकीखालीच पाहिजे."

बाईंचा हात चादरीवरच थिजला. चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"काय म्हणालात?"

"तुझं बरोबर आहे म्हटलं."

"आजवर कधी म्हणाला नाहीत," बाई म्हणाल्या. "एकदाही नाही. मग आजच कशाला? मागे घ्या."

"अगं, पण..."

"मागे घ्या म्हणते ना!"

त्यांनी दोन्ही हातांनी ट्रॉलीचा दांडा धरला. ट्रॉली ढकलणारा माणूस चुळबुळला. "बाई, आत वाट बघताहेत."

"बघू देत. यांनी शब्द मागे घेतल्याशिवाय ही जागची हलणार नाही."

मास्तरांनी मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. तिचे डोळे भरले होते, आणि सुईने घट्टे पडलेली बोटं दांड्यावर पांढरी झाली होती. इतके दिवस दुकानात बसून आपल्याला जे वाटत होतं तेच आता तिला वाटतंय, हे त्यांना कळलं. त्यांनी घसा खाकरला.

"चूक आहे तुझं," ते म्हणाले. "साफ चूक. ऊन येतं म्हणजे येतं. टेबल तसूभरही हलणार नाही."

बाईंनी श्वास सोडला. पदराने डोळे पुसले आणि दांडा सोडला.

"तेच म्हटलं," त्या म्हणाल्या. "बाहेर या एकदा, मग दाखवते."

"काय दाखवणार आहेस? ऊन?"

ट्रॉली आत गेली. दार मिटत आलं तरी पलीकडून बाईंचं उत्तर चालूच होतं. शेवटचं वाक्य मास्तरांना नीट ऐकू आलं नाही, पण ते त्यांना मुळीच पटलं नाही.