स्टॅकमधला सात

उस्तादचा परवाना राहणार की जाणार, हे एका आकड्यावर येऊन ठेपलं होतं. तो आकडा होता शंभर.

गोदीतल्या सगळ्यात जुन्या क्रेनचालकाला यार्डात सगळे उस्ताद म्हणत. त्या सकाळी त्याच्या क्रेनला टांगलेला कंटेनर अगदी शेवटच्या टप्प्यात सुटल्यासारखा ट्रेलरवर आदळला. ट्रेलरचा कणा वाकला. ट्रेलरचा ड्रायव्हर पाणी प्यायला खाली उतरला होता, म्हणून निभावलं. क्रेन चालवणारा कंट्रोलर, म्हणजे चालकाच्या केबिनमागे बसवलेला छोटा संगणक, त्याच क्षणी बंद पडला होता. बंद पडताना तो आपल्या मेमरीची जशीच्या तशी प्रत एका फाइलमध्ये टाकून ठेवतो. ती फाइल कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीच्या यार्डातल्या कार्यालयात आली. तिथल्या तरुण इंजिनिअर मुलीने ती डीबगरमध्ये, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या साधनात, उघडली आणि संध्याकाळच्या आत अहवाल पाठवला: बंद पडण्याच्या क्षणी चालकाने वेगाचा दांडा पूर्ण ढकललेला होता. मागितलेला वेग, शंभर टक्के.

चौकशी दुसऱ्या दिवशी दुपारी होती. अहवाल ग्राह्य धरला तर परवाना रद्द होणार होता, आणि उस्तादच्या वयाच्या माणसाला तो पुन्हा कोणी देत नाही.

सकाळी उस्ताद त्या कार्यालयात आला तो आपल्या मेहुण्याला घेऊन. मेहुणा त्याच यार्डात ट्रेलर लावण्याचं काम बघायचा आणि दाजींच्या वतीने बोलायचंही.

"शंभर? दाजी कधी जिन्यावरून शंभरने उतरले नाहीत, आणि कंटेनर उतरवतील?" तो दारातूनच म्हणाला.

"मी आकडा लिहिला, मनाने नाही रचला," मुलगी म्हणाली. रात्रभर तिला झोप लागली नव्हती, ते तिच्या आवाजात कळत होतं. "स्क्रीनवर दिसतोय. तुम्हीच बघा."

"आम्हाला काय कळतंय त्यातलं? आम्ही जबाब दिलाय. दांडा सोडला होता. हातच नव्हता त्यावर. हो ना दाजी?"

उस्ताद खिडकीतून आपल्या क्रेनकडे बघत होता. तिच्या शिडीला कुलूप घातलेलं होतं.

कार्यालय म्हणजे कुंपणाला चिकटून उभी केलेली पत्र्याची खोली. आत एक कपाट, एक पांढरा फळा आणि एकच टेबल. त्या टेबलावर दोघी आळीपाळीने काम करत: ही मुलगी, आणि कार्यालयाची प्रमुख असलेली तिची सख्खी मावशी. भाची नोकरीला लागल्यापासून अख्खं यार्ड प्रमुखबाईंना मावशीच म्हणू लागलं होतं. त्यांना ते फारसं आवडत नसे, पण मोडता कुठे घालणार? आदल्या दिवशी मावशी दुसऱ्या गोदीत दुरुस्तीला गेल्या होत्या. अहवाल त्यांनी परतीच्या वाटेवर वाचला होता.

त्या आत आल्या, पिशवी खाली न ठेवता स्क्रीनसमोर उभ्या राहिल्या.

"शंभर कुठून वाचलास?"

"चौथ्या फ्रेममधून. वेग तिथेच धरलेला असतो, रजिस्टरमध्ये."

"आणि तिसरी फ्रेम कोणाची?"

"ब्रेकच्या कंपनीची."

"त्यांचा सोर्स आहे आपल्याकडे?"

"नाही गं. नुसतं तयार फंक्शन दिलंय त्यांनी."

मावशींनी पिशवी खाली ठेवली. "सरक," त्या म्हणाल्या.

पुढे जे झालं ते समजायला फार विद्या लागत नाही. प्रोसेसरच्या आत आकडे धरायला मोजकेच कप्पे असतात. त्यांना रजिस्टर म्हणतात. एका फंक्शनने, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्याने, दुसऱ्याला काम सांगितलं की दुसऱ्यालाही तेच कप्पे वापरावे लागतात. म्हणून शिस्त अशी: ठरावीक कप्प्यांना हात लावायचा असेल, तर त्यातला जुना आकडा आधी स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या आपल्या वाट्याच्या जागेत ठेवायचा. ही जागा म्हणजे त्या फंक्शनची फ्रेम. काम संपलं की जाताना आकडा होता तिथे परत. पण कंट्रोलर ब्रेकचं काम अर्धवट असतानाच बंद पडला होता. परत ठेवायची वेळ आलीच नव्हती.

एरवी डीबगर हा गुंता स्वतःच सोडवतो. मात्र कुठला कप्पा कुठे ठेवला याची माहिती फंक्शनबरोबर यावी लागते. ब्रेकवाल्यांनी ती दिली नव्हती. अशा वेळी डीबगर कुरकुर करत नाही. कोण कोणाकडून आलं एवढं तो बरोबर सांगतो, आणि कप्प्यांना वाटेत कोणी हात लावला नसेल असं धरून आत्ता त्यात जे आहे तेच दाखवतो. स्क्रीनवर ते इतर आकड्यांइतकंच खरं दिसतं. या धंद्यातली माणसं तिथेच फसतात, कारण एरवी डीबगर त्यांना फसवत नाही.

मावशींनी ब्रेकच्या फंक्शनच्या सूचना एकेक करून उघडल्या. सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ प्रोग्राम, नसला तरी प्रोसेसर जे वाचतो ते वाचता येतंच. दारातच, पहिल्या काही ओळींत, ते फंक्शन जुने आकडे स्टॅकवर ठेवत होतं. मावशी एकीकडे वाचत होत्या, दुसरीकडे फळ्यावर चौकोनावर चौकोन काढत होत्या. हात एकदाही अडखळला नाही, आणि एकही चौकोन पुसावा लागला नाही. सगळ्यात वर परतीचा पत्ता, म्हणजे काम संपल्यावर कुठे परतायचं ते. त्याखाली आधीच्या फ्रेमची खूण. त्याखाली एक कप्पा, मग वेगाचा कप्पा, मग आणखी एक.

"आता हा चौकोन मेमरीत बघ," त्या म्हणाल्या.

भाचीने पत्ता टाकला.

"सात," ती म्हणाली. "मावशी, इथे सात आहे."

"घाई नको. आपण भलत्याच चौकोनात डोकावत नाही कशावरून? सगळ्यात वरचा परतीचा पत्ता कुठे जातो?"

"वेगाच्या फंक्शनमध्ये. ब्रेकला बोलावलं, बरोबर त्याच्या पुढच्या सूचनेवर."

"खालचा शेवटचा चौकोन?"

"क्रेनच्या मोजमापांच्या तक्त्याचा पत्ता. बरोबर आहे. तोच असायला हवा तिथे."

"म्हणजे वर जुळतंय, खाली जुळतंय. मधला सात त्याच्या जागेवर आहे. आता शंभर कोणाचा ते काढ."

ते भाचीनेच काढलं. ब्रेकच्या फंक्शनने दाबाची कमाल मर्यादा, शंभर टक्के, तुलनेसाठी त्याच कप्प्यात आणून ठेवली होती, आणि दाबाचं उत्तर येण्याची वाट बघत तिथेच अडकलं होतं. शंभरचा उस्तादच्या हाताशी काही संबंध नव्हता. माशी शिंकली होती ती ब्रेकमध्ये.

मेहुण्याने टाळी वाजवली. मग थांबला. "पण सात का? शून्य हवं. दाजींनी दांडा सोडला होता असा जबाब आहे."

"सात आहे," मावशी म्हणाल्या.

"सात म्हणजे शून्यासारखंच की! लिहून टाका शून्य. कोणाच्या बापाचं काय जातंय?"

भाचीलाही ते पटत होतं. कालच्या शंभरचं ओझं तिला लवकर उतरवायचं होतं. "मावशी, 'जवळपास शून्य' असं लिहू या का?"

"जवळपास नावाचा आकडा मी अजून पाहिला नाही," मावशी म्हणाल्या. "सात."

उस्तादने फळ्यावरचा चौकोन पाहिला, मावशींकडे पाहिलं, आणि तो मेहुण्याच्याही आधी बाहेर पडला.

दुपारी चौकशी अधिकाऱ्यांच्या खोलीत पंखा फिरत होता आणि कोणालाही वारा लागत नव्हता. अधिकारी जुने जहाजवाले होते. संगणकावर त्यांचा राग नव्हता, विश्वासही नव्हता.

"काल शंभर, आज सात," ते म्हणाले. "दोन्ही एकाच टेबलावरून. उद्या सत्तर म्हणाल. मी कशावर शिक्का मारू?"

मावशी उत्तर देतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी भाचीकडे पाहिलं आणि खुर्ची जरा मागे घेतली.

भाची उभी राहिली. "शंभर मी वाचला होता, साहेब. चूक माझी. मावशी आणि मी एकच टेबल वापरतो. मी बसते तेव्हा तिचं सामान खणात ठेवते, उठताना परत मांडते. समजा मी काम करता करता चक्कर येऊन पडले. तुम्ही खोलीत आलात तर टेबलावर माझं सामान दिसेल. मावशीचं खणात असेल. मी काल टेबलावर बघितलं आणि मावशीचं म्हणून लिहिलं. खण उघडलाच नाही."

"आणि आज उघडलात."

"आज मावशीने उघडला. मी नुसता वाचला. खणात तिच्या दोन ओळखीच्या वस्तूही होत्या, शेजारीशेजारी. म्हणून खण तिचाच."

अधिकाऱ्यांनी ते कागदावर उतरवून घेतलं. मग उस्तादचा जबाब पुढे ओढला. "पण हे बघा. चालक म्हणतो, हात दांड्यावर नव्हताच. तुम्ही म्हणता सात. म्हणजे तुमच्यापैकी कोणीतरी मला शेंडी लावतंय."

मेहुणा खुर्चीत चुळबुळला. आता मावशी बोलल्या.

"साहेब, तिथे शून्य निघालं असतं तर मीच तुम्हाला म्हटलं असतं, विसंबू नका. ज्या जागेत कधी काही ठेवलंच नाही तिथेही शून्यच सापडतं. सात आपोआप येत नाही. तो दांड्यावरून आलाय, आणि दांड्यावर कोणाचा तरी हात होता."

अधिकारी उस्तादकडे वळले. "काय हो?"

उस्तादने मेहुण्याकडे पाहिलंही नाही. "होता," तो म्हणाला. "काल तुम्ही शंभर म्हणालात आणि परवाना गेलाच असं वाटलं. यानं सांगितलं, सोडला होता म्हणा, म्हणजे भानगड नको. म्हटलं मी तसं. पण शेवटच्या हातभर अंतरात मी दांडा कधीच सोडत नाही. सोडला की ब्रेक झटक्याने लागतो आणि कंटेनर हेलकावतो. अंगठा नुसता टेकवून ठेवायचा. खालच्या माणसाला कळूसुद्धा नये कंटेनर कधी टेकला. किती टेकवतो ते मला कधी मोजता आलं नाही." त्याने अंगठ्याकडे पाहिलं. "सात असेल."

अधिकाऱ्यांनी जबाबाचा कागद त्याच्यापुढे सरकवला. "हे खोडा. खरं ते लिहा."

उस्तादने पेन हातात घेतलं आणि मावशींना विचारलं, "सात लिहू का हो, मावशी?"

"सात आम्ही लिहिलाय. तुम्हाला जे ठाऊक आहे ते लिहा."

उस्तादने लिहिलं: हात दांड्यावर होता, अंगठा टेकलेला.

परवाना राहिला. खोट्या जबाबाबद्दल अधिकाऱ्यांनी त्याला चांगलंच खडसावलं, आणि मेहुण्याला त्याच्या दुप्पट. ब्रेकवाल्यांचं फंक्शन बदलून येईपर्यंत क्रेनच्या शिडीला कुलूप राहिलं. भाचीने पहिला अहवाल स्वतःच्या नावाने मागे घेतला. मावशींनी तिला त्यावरून एकदाही टोकलं नाही. नव्या फंक्शनबरोबर रजिस्टर कुठे ठेवली त्याची माहिती आली आहे का, एवढं मात्र तिला तपासायला लावलं.

क्रेन पुन्हा सुरू झाली तेव्हा कंट्रोलर चाचणीसाठी कार्यालयाच्या स्क्रीनला जोडलेला होता. खिडकीतून कंटेनर खाली येताना दिसत होता. स्क्रीनवर दांड्याचा आकडा उतरत आला: चाळीस, तीस, पंधरा. मग शेवटच्या हातभर अंतरात तो एका जागी ठरला. ट्रेलरचा ड्रायव्हर पाठमोरा उभा होता. कंटेनर टेकला ते त्याला कळलं नाही. मेहुण्याने हाक मारली तेव्हा त्याने वळून पाहिलं.

"मावशी, सहा!" भाची ओरडली. "सात नाही, सहा आहे."

मावशी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कशात तरी गढल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मग सहा लिही," त्या म्हणाल्या.