बयोची परीक्षा

नगरपालिकेतून आलेल्या त्या मांजरवाल्या बाईंचं भलं होवो. हे मी म्हणतेय! त्यांना दारात बघून मी मनातल्या मनात काय काय बोलले होते, ते माझं मला माहीत.

नियम चुकीचा नव्हता, हेही आधीच सांगून टाकते. आमच्या गल्लीत मांजरांनी नुसता उच्छाद मांडला होता. शेजारच्या प्रसूतिगृहात एकीने थेट खाटेखाली पिल्लं घातली. बाकीची बिचारी गाड्यांखाली सापडून मरत होती. आणि घरातच असलेल्या माझ्या शिवणाच्या दुकानात एका बोक्याने गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या कोटावर अशी धार सोडली, की कोट तीनदा धुतला तरी वास जाईना. नगरपालिकेच्या सभेत ‘नियम करा’ म्हणून सगळ्यात मोठा आवाज माझाच होता. तसा माझा आवाज मोठाच आहे, त्याला इलाज नाही.

तर ठरलं असं, की पाळलेल्या मांजराची नसबंदी करायची, लस टोचायची, गळ्यात पट्टा घालायचा. प्रसूतिगृहाच्या आसपासची बेवारशी मांजरं मात्र धरून गावाबाहेरच्या मांजरघरात न्यायची. तिथे सावली, खाणं, डॉक्टर, सगळी सोय. मी टाळ्या वाजवल्या आणि मोठ्या थाटात घरी येऊन सासऱ्यांना ही बातमी दिली.

त्यांच्या हातातली सुई तिथेच थांबली. “आणि बयोचं काय?”

बयो म्हणजे आमच्या कटिंगच्या टेबलाखाली, कातरणांच्या ढिगात लोळणारी करडी मांजर. बयो हे त्यांनी ठेवलेलं नाव. मी तिला महामाया म्हणायचे. ती आमची आहे असं मी कधी धरलंच नव्हतं. ना मांडीवर बसणार, ना अंगाला हात लावू देणार. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, एकदा कुरवाळायला हात पुढे केला, तर मनगटावर चांगल्या चार रेघा ओढून दिल्या होत्या. असली कसली पाळीव?

पण बाबांचं सांगायला हवं. ते जुने शिंपी. त्यांच्या हातचं काज करून घ्यायला लोक शहराच्या दुसऱ्या टोकाहून यायचे. सासूबाई गेल्या आणि बाबांनी सुई खाली ठेवली, ती ठेवलीच. बोलणंही संपलं. खिडकीशी बसून राहायचे. माझे यजमान ट्रक चालवतात, महिन्यातून कधीतरी उगवतात. घरात आम्ही दोघंच, आणि त्यात एकाच्या तोंडून शब्द नाही. मी आपली भिंतीशी बोलावं तशी बोलत राहायचे. जेवलात का, ऊन आलंय, सरका. कधी कधी वाटायचं, या माणसाला सून म्हणून माझी ओळख तरी उरली आहे का?

मग एके दिवशी ही बया कुठूनशी आली, चिखलाच्या पायांनी टेबलावर चढली, आणि खिडकीशी बसलेल्या बाबांचा आवाज आला, “ए बये, पाय पुसून ये. लोकांचं कापड आहे तिथं.”

माझ्या हातात मोजपट्टी होती. मी तशीच भिंतीकडे तोंड करून रडले. अहो, किती महिन्यांनी तो आवाज ऐकत होते!

त्यानंतर बाबा हळूहळू माणसात आले. आधी मांजराशी बोलायचे, मग माझ्याशी भांडायला लागले. बाहीचा उतार चुकला, अस्तर आखूड घेतलं, चहा पाणचट झाला. मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. दिवसातून एकदा तरी आमचं वाजायचंच. पण सुई पुन्हा हातात आली होती. आता बयो गेली, तर ते परत त्या खिडकीशी जाऊन बसणार, आणि या खेपेला काही उठणार नाहीत, हे मला लख्ख दिसत होतं.

मी नगरपालिकेत जाऊन सांगितलं, की मांजर आमचीच आहे. तर म्हणाले, असं सगळेच सांगतात, बाई घरी येऊन बघतील. खाऊ दाखवायचा नाही, पकडायचं नाही, दारं उघडी ठेवायची. मांजर आपण होऊन घरातल्या माणसाजवळ येऊन बसली तर पाळीव. नाहीतर पिंजरा.

झालं! बाबांनी सराव सुरू केला. “बयो, ये गं. ये माझी बाय.” आणि बयो त्यांच्याकडे पाठ करून शेपटी चाटणार.

बाई आल्या त्या भर दुपारी. शांत, जाड चष्म्याच्या. पिंजरा दाराबाहेर ठेवला आणि स्टुलावर बसल्या. महामाया कपाटावर चढून बसलेली.

“बोलवा,” बाई म्हणाल्या.

बाबांनी बोलावलं. तिने जांभई दिली. पुन्हा बोलावलं. तिने कान खाजवला. बाईंनी घड्याळाकडे बघितलंही नाही. दुसरं कोणी असतं तर पाच मिनिटांत उरकून निघालं असतं. त्या बसून राहिल्या, याचे उपकार मी जन्मभर मानीन.

बाबांचा आवाज बसत चालला. शेवटी “बयो, अगं असं काय करतेस…” एवढं म्हणून ते एकदम उठले. काठी न घेता! गुडघा लचकला, त्यांनी टेबल धरलं, टाचण्यांचा डबा खाली पडून टाचण्या फरशीभर पसरल्या. मी घाबरले, आणि घाबरले की माझ्या तोंडाचा पट्टा सुटतो.

“बाबा! शंभरदा सांगितलं, काठीशिवाय उठायचं नाही म्हणून! पडलात, हाड मोडलं, म्हणजे निस्तरायचं कोणी? ते तिकडे गाडी हाकत बसलेत. मी एकटी कुठे कुठे बघू? कानात बोळे घातलेत का?”

“तू गप गं! मला शिकवतेय! तुझ्या जन्माच्या आधीपासून उभा राहतोय मी!”

“दिसतंय ना कसे उभे राहताय ते!”

धप्प. कपाटावरून महामाया खाली. टाचण्या चुकवत, बाईंच्या पायांना वळसा घालून ती सरळ आली आणि बाबांच्या पावलावर ठिय्या देऊन बसली. तोंड माझ्याकडे. कान मागे पाडून माझ्यावर गुरगुरली, वर तोऱ्यात शेपटी आपटली.

बाईंनी चष्मा वर केला. “नेहमी अशीच येते?”

आणि मला आठवलं. अस्तरावरून भांडलो तेव्हा. चहावरून भांडलो तेव्हा. दर वेळी ही मेली त्यांच्या पायाशी येऊन बसलेली असायची. मी तिला “तू नको मध्ये पडूस” म्हणून हाकललंसुद्धा होतं. पण भांडणाच्या भरात कोण लक्ष देतं?

“हो,” मी म्हटलं. “नेहमीच.”

बाई हसल्या. “बेवारशी मांजर भांडण ऐकलं की पळ काढते. मध्ये पडतं ते घरातलंच.” त्यांनी पिशवीतून पट्टा काढून बाबांच्या हातात दिला. बाबांनी वाकून तो घातला. एक बोचकारा बसला, पण घातला. मी बाईंचे दोन्ही हात धरले. त्या म्हणाल्या, “माझे कसले आभार? भांडलात तुम्ही.” रिकामा पिंजरा उचलून त्या गेल्या.

मी खाली बसून टाचण्या वेचायला लागले. डोळ्यांपुढे सगळं धूसर, टाचणी दिसेल तर शपथ. मध्ये पडतं ते घरातलंच. आणि हा माणूस रोज उठून भांडतो, तो कोणाशी? गल्लीत एवढी माणसं आहेत, कोणाला कधी वर तोंड करून बोलला नाही. फक्त माझ्याशी. मला एवढं भरून आलं, की भांडायचंच विसरले. घर अगदी गप्प झालं.

बाबांनी पाय न हलवता, बयोला धक्का लागू न देता, माझ्याकडे वाकून बघितलं.

“काय गं, थांबलीस का?” ते म्हणाले. “काठीचं अर्धवटच राहिलं ना सांगायचं. बोल की.”

मी पदराने नाक पुसलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.