एका कुटुंबाचं घर

आमच्या घरमालकीण थुओककाकूंनी नवऱ्याचं, दिन्हकाकांचं श्राद्ध त्या साली दोन महिने आधीच उरकलं. मेलेल्या माणसाला तिथी बदलून जेवायला बोलावलेलं आमच्या हायफाँग शहरात कुणी ऐकलेलं नाही. इथं माणसं जिवंतपणी आईबापाला विचारत नसतील, पण गेलेल्याची तिथी चुकवत नाहीत. काकूंनी ती चुकवली, आणि ती आमच्यासाठी चुकवली असं त्यांचं म्हणणं. मी म्हणते, निम्मी आमच्यासाठी आणि निम्मी भाड्यासाठी. पण म्हातारीची कमाई तेवढीच होती, तेव्हा मी फार बोलत नाही.

झालं असं की दुसऱ्या एका शहरात आमच्यासारखीच एक उंच चिंचोळी इमारत जळाली. आठवडाभर टीव्हीवर तेच. मग सगळ्या शहरांत अग्निशमनवाले गल्लीगल्लीतून फिरायला लागले. आमच्या गल्लीतही येणार, असं वॉर्डाच्या कर्ण्यावरून सांगितलं गेलं, आणि काकू घराचे कागद शोधायला लागल्या.

कारण काकूंच्या घराला परवानगी होती ती एका कुटुंबाच्या राहत्या घराची. घर म्हणजे काय, दोघांनी हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतील एवढी रुंदी, आणि वर मजल्यावर मजला. मधोमध एकच जिना, तळापासून गच्चीपर्यंत उघडा. तळाशी आमच्या सगळ्यांच्या मोटरसायकली, त्यातल्या दोन विजेवर चालणाऱ्या, रात्रभर चार्जिंगला लावलेल्या. त्यांच्या मागे काकूंची खाट. वरच्या मजल्यांवर आम्ही भाडेकरू. मी आणि मेइ बुटांच्या कारखान्यात तळवे चिकटवायचो. तुए बंदरावर हमाली करायचा. बाकीचेही असेच, कुणी कुठल्या गावचं, कुणी कुठल्या.

आणि प्रत्येक बाल्कनीला, गच्चीलासुद्धा लोखंडी जाळी. आमच्याकडे तिला वाघाचा पिंजरा म्हणतात. दिन्हकाका वेल्डर होते. एकदा चोरांनी दोरीवरचे कपडेसुद्धा सोडले नाहीत, तेव्हा काकांनी चिडून सगळं घर जाळ्यांनी बंद करून टाकलं, स्वतःच्या हातानं. गच्चीच्या जाळीला तेवढं शेजारच्या गच्चीवर उतरायला एक बुटकं दार ठेवलं होतं. त्याला कुलूप, आणि किल्ली काकूंच्या कमरेला.

मेइ सगळ्यात वर राहायची. डोंगराकडची, दाओ जमातीची बाई, नवरा तैवानच्या मासेमारी बोटीवर, आणि ही सात महिन्यांची पोटुशी. टीव्हीवरची ती इमारत बघितल्यापासून ती रोज काकूंच्या मागे लागली होती.

"काकू, गच्चीचं कुलूप काढून ठेवा ना."

"आणि चोर आले म्हणजे?"

"माझ्याकडे चोरण्यासारखं काय आहे?"

"तुझ्याकडे नसेल, खालच्यांकडे आहे. झोप जा मुकाट्यानं. या दिवसांत असलं काही बघू नये."

तर अग्निशमनवाले येणार म्हटल्यावर काकूंनी आम्हाला बोलावलं आणि सांगितलं, त्या दिवशी आपण सगळे एक कुटुंब. वेगवेगळी माणसं एका घरात का, असं कुणी विचारलं तर श्राद्धाला जमलोय म्हणायचं. भिंतीवरचे खोल्यांचे नंबर खरवडून काढायचे. दारांची कुलपं लपवायची.

तुएला थोरला मुलगा केलं. मी भाची. मेइचं काय करायचं यावर बराच खल झाला, कारण तिचं बोलणं ऐकलं की कुणीही ओळखेल ही डोंगरातली. शेवटी काकूंनी ती तुएच्या गळ्यात बांधली.

"थोरली सून म्हणून सांगू. डोंगरातनं करून आणली."

"वा काकू," तुए म्हणाला, "बायको दिलीत ती दिलीत, पोरासकट दिलीत. माझी मेहनत वाचली."

"मेल्या, तोंड आवर. देव्हाऱ्यापुढे बसलोय."

आम्ही हसून हसून लोळलो. मेइ हसली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मग आता घरचीच झाले तर किल्ली मला द्याल?" काकूंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

त्या दिवशी काकूंनी खरोखरीचं श्राद्ध घातलं. उकडलेली अख्खी कोंबडी, चिकट भात, बांबूच्या कोंबांचा रस्सा, सारण भरून तळलेल्या गुंडाळ्या, तांदळाची दारू. काकांच्या फोटोपुढे काकूंनी उदबत्त्या लावल्या. "अहो, समजून घ्या," असं त्या पुटपुटल्या ते मी ऐकलं. आम्ही चटईवर गोल बसलो आणि एकमेकांना दादा, वहिनी, आत्या करत वाढायला लागलो. खोटं नाही सांगत, तो घास गोड लागला. माझं घर खूप लांब, थान्हहोआच्या पलीकडे, तिथं असं बसून जेवल्याला वर्षं झाली होती.

इन्स्पेक्टर आला तो अगदी तरुण, क्वेन नावाचा. दारातच पायातले बूट काढले, फोटोला हात जोडले. आम्हाला वाटलं, जिंकलो.

त्यानं जिना बघितला, गाड्या बघितल्या, चार्जिंगच्या वायरी बघितल्या. मग चटईच्या कडेला बसला.

"काकू, ही सगळी तुमचीच माणसं?"

"माझीच, बाळा. हा थोरला, ही सून."

"बरं आहे. मग मला जास्त काही बोलता येत नाही. घर एका कुटुंबाचं असलं की नियम थोडे. तीच खोल्या भाड्यानं दिलेली इमारत असली की वर्ग बदलतो, नियम वाढतात. बाहेर पडायला दुसरा रस्ता लागतो, जिन्याला धूर अडवणारी दारं लागतात, गाड्या जिन्याखाली चालत नाहीत."

"का बरं?" तुए फुशारकीनं म्हणाला. "आग काय नातं विचारून लागते?"

"आग नाही विचारत," क्वेन म्हणाला. "पण घरच्या माणसाला ठाऊक असतं कोण कुठं झोपलंय, किल्ली कुठं टांगलीय, कुणाला हात द्यावा लागतो. तो ओरडत वर जातो. परकी माणसं आपापलं दार उघडून पळतात. कोण राहतंय, कसं राहतंय, यावरूनच घराचा वर्ग ठरवतात. उगाच कागद वाढवायला नाही."

"आम्ही उठवू की एकमेकांना," मी म्हणाले. मला त्याचा राग आला होता. एवढंसं पोर आणि आम्हाला कुटुंब शिकवतंय.

"मग एकदा करून बघू या का? दोन मिनिटांचं काम. समजा खाली गाड्या पेटल्यात. जिन्यातून धूर वर येतोय. खाली येता येत नाही. सगळे आपापल्या खोलीत जा आणि मी हाक मारली की गच्चीवरून बाहेर पडा."

नाही कसं म्हणणार? आम्ही वर गेलो. हाक आली तसे हसत, एकमेकांना ढकलत गच्चीवर पोचलो. सगळे जण जाळीच्या आत त्या बुटक्या दाराशी गोळा झालो आणि तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की किल्ली खाली काकूंच्या कमरेला आहे.

"काकू, किल्ली!" तुए ओरडला. अजून हसतच होता.

खालून काकूंचा आवाज आला, "आले, आले." म्हातारीचे गुडघे गेलेले. एकेक पायरी चढताना त्यांचा श्वास आम्हाला वरपर्यंत ऐकू येत होता. क्वेन त्यांच्यामागून येत होता, पण त्यानं हात दिला नाही. वर आल्या, किल्ली कुलपात घातली. फिरेना. समुद्राचा वारा आमच्याकडे लोखंड खातो आणि काका गेल्यापासून ते कुलूप कुणी उघडलंच नव्हतं. काकूंनी दोन्ही हातांनी जोर लावला. तुएनं लावला. किल्ली मोडली आणि अर्धी आत राहिली.

हसणं कधी थांबलं कळलं नाही. मेइनं जाळी धरली आणि हलवायला सुरुवात केली. आधी हळू, मग जोरात. धूर नव्हता, आग नव्हती, वर ऊन पडलेलं. पण ती थांबेना. तिच्या घशातून नुसता घोगरा आवाज येत होता. मी तिला मिठी मारून धरलं तरी तिनं जाळी सोडली नाही. आणि मला आठवलं, खालून निघताना मी मेइच्या मजल्यावर थांबले नव्हते. तीच आमच्या मागून पोट सांभाळत आली होती.

काकू मोडक्या किल्लीचा तुकडा हातात धरून उभ्या होत्या. जाळीकडे बघत होत्या. काकांनी केलेली जाळी, एकही सांधा ढिला नाही. मग त्या क्वेनकडे वळल्या.

"आज यांचा दिवस नाहीच बाळा. यांचा दिवस अजून दोन महिन्यांनी आहे."

"काकू!" तुए दबक्या आवाजात म्हणाला.

"हा माझा मुलगा नाही. मला मूल नाही. ही सगळी भाड्यानं राहतात. काय लिहायचं ते लिही."

क्वेननं खिशातून पेन काढलं. मग म्हणाला, "लिहिलं की खोल्या रिकाम्या कराव्या लागतील. दुसरा जिना काढल्याशिवाय भाडेकरू ठेवता येणार नाहीत."

"या घरात दुसरा जिना कुठं बसणार?"

"नाही बसणार, काकू."

"मग रिकाम्या करतील."

जेवण तसंच चटईवर पडून राहिलं.

त्यानंतर आम्ही काकूंना काय काय बोललो ते सांगायला नको. सगळ्यात जास्त तुए. "तोंड शिवून बसली असतीस तर काय बिघडलं असतं? तो पोरगा जातच होता. आई म्हणवून घेतलंस आणि घराबाहेर काढलंस." अहोजाहो पार गेलं होतं. काकू वायरी गुंडाळत होत्या. एकदाच वर बघून म्हणाल्या, "शिव्या दे. शिव्या द्यायला जिवंत तर राहशील." मला तेव्हा ते नाटकी वाटलं. पगाराच्या निम्म्यात दुसरी खोली शोधून दाखव म्हणावं, मग बोल.

खोली मिळाली ती कालव्यापलीकडच्या गल्लीत. सांगायची लाज वाटते, पण घर तेच. तीच रुंदी, मधोमध तोच उघडा जिना, खाली गाड्यांची तीच दाटी, वायरींचं तेच जाळं, बाल्कन्यांना पिंजरे. फक्त गच्चीला दारच नाही, सगळं एकसंध वेल्ड केलेलं. मालक कोळशाच्या धंद्यातला, मानेवर घड्या पडलेला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "त्या म्हातारीकडनं आलेले ना तुम्ही? इथं असला तमाशा नको. कुणी आलं तर तुम्ही माझे पुतणे. एकानं तोंड उघडलं तर सगळे बाहेर." आम्ही मुंड्या हलवल्या. एवढ्या भाड्यात दुसरं होतं काय?

पुन्हा सगळ्यात वरची खोली मेइलाच आली. जिने चढावे लागतात म्हणून तिचं भाडं कमी. तिथंच तिला मुलगी झाली.

बाळ महिन्याचं झालं असेल. रविवार होता. आम्ही सगळे घरात, तुए पिंजऱ्यात बसून सिगारेट ओढत होता, मी शेजारी कपडे वाळत घालत होते. खालून आवाज आला, "मेइ! ए मेइ!" बघितलं तर थुओककाकू. हातात पातेलं, फडक्यात बांधलेलं. डुकराचे पाय आणि कच्ची पपई शिजवून आणलं असणार. बाळंतिणीला दूध यावं म्हणून आमच्याकडे देतात. मेइचं इथं दुसरं कोण होतं द्यायला? नवऱ्याची बोट अजून समुद्रातच होती.

काकू जिन्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. गाड्या बघितल्या. वायरी बघितल्या. मग मागे सरून गल्लीत आल्या आणि मान वर करून मजल्यामागून मजला बघत गेल्या, अगदी वरपर्यंत.

"अगं, गच्चीचं दार कुठून आहे?" त्या ओरडल्या. "मेइ, दार कुठंय ते सांग आधी! किल्ली कुणाकडे असते?"

मालक बाहेर आला. "काय आरडाओरडा चाललाय? कोण तुम्ही? फायरवाल्यांनी पाठवलंय?"

"दार कुठंय तेवढं दाखवा. वर बाळंतीण आहे, माझी..." काकू अडखळल्या. आपली कोण, ते त्यांना सांगता येईना.

मालकानं वर बघितलं. "काय रे, हिला ओळखतोस?"

तुएनं सिगारेट विझवली. मी त्याच्याकडे बघत होते. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती, आणि ती मला चांगली समजत होती, कारण मलाही तीच होती.

"नाही," तो म्हणाला. "वेडी असेल कुणी."

काकूंनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझ्या हातात ओला सदरा होता, तो मी पिळत राहिले. वरून मेइच्या बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता आणि मेइ बाळाला छातीशी धरून, "काकू आल्यात, काकू आल्यात" म्हणत अनवाणी धावत खाली निघाली होती. मी जिन्यात गेले आणि आमच्या मजल्यावरच तिला हाताला धरून अडवलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं त्या गच्चीवर जाळीकडे बघितलं होतं.

काकूंनी पातेलं पायरीवर ठेवलं. मालकानं ते पायानं बाजूला सारलं. काकू गेल्या नाहीत. गल्लीच्या मधोमध उभ्या राहून एकेका मजल्याला हाका मारत राहिल्या. मला, तुएला, सगळ्यांना, नावानं. खाली या रे, खाली या.

जिना एकच होता, आणि त्याच्या तोंडाशी मालक उभा होता.