झाडावर टांगलेली चोखणी

मी एक चोखणी बोलतेय. तान्ह्या पोरांच्या तोंडात देतात ना, रबरी बोंडाची, तीच. फक्त माझं बोंड आता शाबूत नाही. कोपनहेगनच्या एका बागेतल्या जुन्या झाडावर, माझ्यासारख्या शेकडो जणींच्या दाटीत मी लटकते आहे. कुणाला लाल रिबीन, कुणाला निळी. पोर मोठं झालं की इथले आईबाप त्याची चोखणी वाजतगाजत आणून या झाडाला बांधतात. खालून जाणारे लोक माना वर करून म्हणतात, "अय्या, किती गोड!" फासावर दिलेल्यांची रांग बघून ज्यांना गोड वाटतं, त्यांना काय सांगावं? तरी सांगते. इथे दुसरं काही काम नाही.

कारखान्यात मला साच्यातून काढलं, मोहरीच्या रंगाची चकती लावली आणि एका जुळ्या बहिणीबरोबर खोक्यात भरलं. खोकं उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात बहीण धक्क्यावरून समुद्रात पडली. येप्पे, म्हणजे जिच्या तोंडी मी होते त्या पोरीचा बाप, वाकून पाण्यात बघत म्हणाला, "जाऊ दे, दुसरी आहे ना." या घरची रीत मला तेव्हाच कळायला हवी होती.

पोरीची आई मायकेन. पोटुशी असताना ती गावभर सांगत फिरायची, "माझ्या मुलीला चोखणीची गरज पडणार नाही. मी तिचं ऐकून घेईन." मग टोवे जन्माला आली आणि रडायला लागली. दुपारी सुरू झाली की संध्याकाळपर्यंत खळ नाही. मांडीवर घेतलं, खांद्यावर घेतलं, वॉशिंग मशीनवर ठेवलं, तरी तेच. शेवटी ऐकून घेणाऱ्या त्याच मायकेनने माझं खोकं दातांनी फाडलं. मी तोंडात गेले आणि घर गप्प झालं. मायकेन जमिनीवर बसून ढसाढसा रडली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा दिवस.

सुरुवातीला माझा काय थाट होता! जमिनीला नुसतं टेकले तरी उकळत्या पाण्यात बुडवायचे. सहा महिन्यांनी पँटला पुसायला लागले. वर्ष झाल्यावर येप्पे मला स्वतःच्या तोंडात घालून चोखायचा आणि तशीच पोरीला द्यायचा. त्याच्या तोंडाला कॉफीचा वास असे.

टोवेवर माझा जीव होता, हे मी उघड सांगते. इथल्या रीतीप्रमाणे थंडीतही तिला बाबागाडीत घालून अंगणात झोपवत. नाक लाल, गाल गार, आणि आत फक्त मी ऊबदार. तिचा डोळा कधी लागला, कधी उघडला, ते मला तिच्या आईच्या आधी कळायचं.

पण मला पाळलं होतं ते जीव लावायला नव्हे, बुचासारखं वापरायला. निळ्या पेल्यात दूध दिलं म्हणून लाल पेला हवा, लाल दिला म्हणून निळा हवा, कोंबा चोखणी. पाळणाघरात जाताना तो डोक्यापासून पायापर्यंतचा जाडजूड पोशाख चढवायचा असे. टोवे "माझं मी! माझं मी!" ओरडत एका पायात दोन्ही पाय घालायची आणि धाडकन पडायची, कोंबा चोखणी. एकदा ती खिडकीकडे बोट करून "प... प..." करत होती. बाहेर पक्षी बसला होता. मायकेन फोनवर बोलत होती. न बघताच तिने मला आत सरकवलं. पोरीचे कितीतरी पहिले शब्द असे माझ्या रबरात जिरले. मग हेच दोघं काळजी करायचे, "आपली टोवे अजून नीट बोलत का नाही?"

अडीच वर्षांची झाली तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पुढच्या दातांतली फट दाखवली. झालं. ज्या मायकेनने मला देव्हाऱ्यात बसवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, तिला मी एका दुपारीत नकोशी झाले.

रविवारी केक आणला, त्यावर छोटे झेंडे खोचले आणि सगळे मला घेऊन झाडापाशी आले. मायकेनने टोवेच्या नावाने निरोपाची चिठ्ठीही लिहिली होती: मी आता मोठी झाले, तुझे आभार. टोवे तेव्हा तिथल्या बदकाला बूट फेकून मारत होती. येप्पेची आई बोदिल छत्रीवर रेलून हा सोहळा बघत होती.

"आमच्या वेळी असली थेरं नव्हती," बोदिल म्हणाली. "येप्पेची चोखणी मी सरळ शेकोटीत टाकली. दोन दिवस बोंबलला, संपलं."

"म्हणूनच अजून नखं खातो," मायकेन म्हणाली.

येप्पेने तोंडातलं बोट पटकन काढलं.

मायकेन पोरीसमोर उकिडवी बसली. "टोवे, राणी, ती आता इथे राहणार. मैत्रिणींबरोबर. तुला वाटेल तेव्हा आपण तिला भेटायला यायचं. इथे तिला कुणी काही करणार नाही. आईचं वचन."

"वचन?" टोवेने विचारलं.

"अगदी वचन."

"उंच बांध गं," बोदिल म्हणाली. "दिसली की मागेल."

"नाही. तिचा हात पोचला पाहिजे. निरोप तिचा आहे, आपला नाही." मायकेन पुस्तकं वाचून आई झालेली. पोरीचा मान राखायचा म्हणून तिने मला अगदी खालच्या फांदीला बांधलं. चूक झाली ती इथेच.

टोवेचं आईवर एवढं इमान की पहिले काही दिवस ती नुसती येऊन मला गोंजारायची आणि जायची. येप्पे तिला पाळणाघरातून पुढे लाकडी पेटी जोडलेल्या सायकलवरून आणायचा, वाटेतच झाड. मी मात्र मनात एकच घोकत होते: घे मला, परत घे. आणि एका बुधवारी ती झाडाखालच्या वाटेवर आडवी झाली. बूट एकीकडे, टोपी दुसरीकडे, पाठीची कमान, आवाज टिपेला. येणारेजाणारे तिकडे न बघता बघत होते. एक म्हातारे गृहस्थ हवेला सांगितल्यासारखं म्हणाले, "पोरीला थंडी वाजत असणार."

येप्पेने इकडेतिकडे बघितलं आणि माझी रिबीन सोडली. "घे, बाई, घे. पण आईला सांगायचं नाही हं. आपलं गुपित."

तेव्हापासून रोज सायकलच्या पेटीत बसलं की मी तोंडात. घराचा कोपरा आला की टोवे गुमान मला बापाच्या हातावर ठेवायची. पण चोरी किती दिवस पचणार? एका संध्याकाळी येप्पे मला घ्यायला विसरला आणि मायकेनला मी टोवेच्या हातमोज्यात सापडले. ओली, गरम.

बिचारीने कचेरीत सगळ्यांना सांगितलं होतं की आमच्या टोवेने किती समजूतदारपणे चोखणी सोडली.

"हे काय आहे, येप्पे?" तिने विचारलं. या घरात कुणी ओरडत नसे. आवाज जितका खाली, तितकी आग मोठी.

"फार रडत होती गं."

"आणि मी? लाड करायला तू, नाही म्हणायला मी. तिला बाबा गोड आणि आई हडळ, असंच ना?"

"बरं, मग काय करू म्हणतेस?"

"नखं कापायची कात्री कुठेय?"

येप्पेला आधी थट्टा वाटली. मग तो म्हणाला, "तू वचन दिलंयस तिला."

"म्हणून तर उंदराने खाल्ली म्हणायचं."

त्याने कात्री शोधून दिली. त्या घरात प्रेमळ म्हणून त्याचीच ख्याती होती.

मायकेन मला न्हाणीघरात घेऊन गेली. त्या दाराची कडी बरेच दिवस नीट लागत नव्हती, दोघं एकमेकांना दुरुस्त कर म्हणत होते. तिने माझं बोंड चिमटीत धरलं आणि टोक कापलं. रबर चिवट, एका घावात तुटेना, म्हणून तिने जोर लावून दुसरा घाव घातला. दाराच्या फटीत टोवे उभी होती. एका पायात मोजा, हातात अर्धी खाल्लेली पावाची फोड. तिने कात्री बघितली, मला बघितलं, आईचा हात बघितला आणि आवाज न करता मागे सरकली.

"अरे देवा, टोवे! बघ तरी, उंदराने तुझी चोखणी खाल्ली!" मायकेन बाहेर येऊन म्हणाली.

"दुष्ट उंदीर!" येप्पेने बोटांच्या मिशा करून दाखवल्या.

टोवेने मला तोंडात घातलं. ओढलं तर नुसता वारा आला. तिने मला बाहेर काढलं.

"उंदीर कुठाय?"

"पळाला गं," मायकेन म्हणाली.

"बरं."

ती रडली नाही. आईबापांनी तिच्या डोक्यावरून एकमेकांकडे बघितलं, जग जिंकल्यासारखं. गरज सरो, वैद्य मरो. दुसऱ्या दिवशी येप्पेने मला पुन्हा झाडाला बांधलं, या वेळी उंच. टोवेने वर बघितलं नाही.

त्याला आता दोन हिवाळे झाले. माझा मोहरीचा रंग उडालाय, कापल्या जागी शेवाळ धरलंय. मी वाट बघायची सोडली होती.

परवा दुपारी मायकेन आली. बाबागाडीत नवा पाहुणा, आक्सेल, टाहो फोडत होता. मायकेनने खिशातून कोरी करकरीत चोखणी काढून त्याच्या तोंडात दिली. तो चिडीचूप.

"टोवे, तुझीपण इथेच कुठेतरी आहे," ती म्हणाली. "आठवते का गं?"

टोवेने वर बघितलं. थेट माझ्याकडे. शेकडो जणींत कापलेली मी एकटीच.

"नाही," ती म्हणाली.

मायकेन गाडीखालची पिशवी काढायला वाकली. तेवढ्यात टोवे चवड्यांवर उभी राहिली, गाडीत डोकं घातलं आणि भावाच्या कानाशी हळूच म्हणाली, "फार रडू नको. आईकडे कात्री आहे."

"काय सांगितलंस गं भावाला?" मायकेनने विचारलं.

टोवे गोड हसली. "उंदराची गोष्ट."

"किती गुणाची माझी बाई!" मायकेनने तिच्या कपाळाचा पापा घेतला आणि तिघं निघून गेली.

ती नवी चोखणी बाळाच्या तोंडात ऐटीत डुलत होती. तिला सावध करायचं माझ्या मनात आलं, पण मी गप्प राहिले. तिच्यासाठी वरची फांदी मोकळी आहे.

आईबापांनो, मला इथून सोडवा असं मी म्हणत नाही. गोड म्हणणार असाल तर तेही म्हणा. मागणं एकच आहे. कात्री चालवायचीच असेल, तर आधी दाराची कडी तेवढी दुरुस्त करून घ्या.