तीन नारंगी जॅकेटं

ज्या माणसाने स्वतःच्या फ्रिजवर ‘अपघाताविना दिवस’ असा फळा लावला आहे, त्याच्याबद्दल खरं तर आणखी काही सांगायची गरज नाही. पण सांगायलाच हवं, कारण त्या फळ्यावरचा आकडा आजही वाढतोच आहे.

हा माणूस कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. कामगार त्याला सेफ्टीसाहेब म्हणत आणि बायकोही सेफ्टीसाहेबच म्हणे. कामगार म्हणताना सलाम करत, बायको म्हणताना कपाळाला हात लावी, एवढाच काय तो फरक. कारखान्याच्या फाटकावर मोठा बोर्ड होता, त्यावरचा अपघाताविना दिवसांचा आकडा साहेब रोज सकाळी स्वतःच्या हाताने बदलत. आकडा हजाराच्या पुढे गेला होता आणि साहेबांचा त्याच्यावर भारी जीव होता. मध्यंतरी एका वायरमनचं बोट मशीनमध्ये गेलं, तेव्हा ते ‘घरी भाजी चिरताना’ कापल्याची नोंद झाली. वायरमनने जन्मात कधी भाजी चिरली नव्हती. हा किस्सा साहेबांनी घरी जेवताना मुलांसमोर रंगवून सांगितला होता आणि स्वतःच पोट धरून हसले होते. मोठी तेव्हा हसली नव्हती. तिने विचारलं होतं, “मग त्या काकांना दुखलं नाही का?”

तर मोठी सात वर्षांची, मधला पाच वर्षांचा आणि धाकटी साडेतीन. शहरात बर्फावरचा शो यायचा होता. हरवलेलं पेंग्विनचं पिल्लू, त्याला शोधायला निघालेली चांदणपरी, आणि हे सगळं खऱ्याखुऱ्या बर्फावर, पायात स्केट घालून. मोठीने पोस्टर पाहिलं त्या दिवसापासून पायात मोजे घालून घरातल्या फरशीवर गिरक्या घ्यायला सुरुवात केली होती. नेमकी त्या रविवारी आईची हॉस्पिटलात ड्यूटी लागली. मावशी म्हणाली, मी नेते. शाळेचं संमेलन असो, दाताचा डॉक्टर असो, नाही तर कुणाचा वाढदिवस असो, आजवर एक तर आई नाही तर मावशी, हे ठरलेलंच होतं. पण या वेळी मोठी अडून बसली.

“बाबाच नेतील. दुसऱ्या भागात परी एका पायावर गिरकी घेते, ती मला बाबांना दाखवायचीय. मला पण येते ती.”

साहेबांचा ऊर भरून आला. सोमवारपासून शनिवारपर्यंत कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्यांनी ही गोष्ट सतरा जणांना सांगितली. “मुलीने स्वतः माझं नाव घेतलं. पोरांनाही कळतं हो, कुणाबरोबर सुरक्षित आहोत ते.”

आई ड्यूटीवर निघताना एवढंच म्हणाली, “तिघंही घरी आणा, म्हणजे झालं.”

“हे तू मला सांगतेस?” साहेब म्हणाले.

रविवारी दुपारी साहेबांनी तिघांना सोफ्यावर ओळीत बसवलं आणि सूचना द्यायला सुरुवात केली. रांगेत असताना बोलायचं नाही. शो चालू असताना बोलायचं नाही. अनोळखी माणसाशी तर अजिबात बोलायचं नाही. हरवलात तर असेंब्ली पॉइंटवर, म्हणजे स्टेडियमच्या पायऱ्यांखालच्या हिरव्या पाटीखाली, जाऊन उभं राहायचं आणि कुणीही, अगदी कुणीही बोलावलं तरी तिथून हलायचं नाही. “मी दर दहा मिनिटांनी मोजणी घेणार. एक जरी कमी भरलं, तरी मी लगेच त्या पाटीखाली हजर. कळलं?”

“कळलं,” मोठी म्हणाली. धाकटी तोवर सोफ्यावर आडवी झाली होती.

मग जॅकेटं निघाली. कंपनीच्या स्टोअरमधली थंडीची जॅकेटं, भडक नारंगी, पाठीवर चमकणारे चंदेरी पट्टे, डोक्यावर टोपडं. साइझ सगळ्यात लहान, तरी धाकटीचं जॅकेट घोट्यापर्यंत आलं आणि मधल्याचे हात बाह्यांत कुठे संपतात ते शोधावं लागलं. मोठीला चांदणपरीचा निळा फ्रॉक हवा होता. साहेब म्हणाले, “बिनबाह्यांचा फ्रॉक घालून बर्फाजवळ? लोकांना अक्कल नसते, म्हणून आपणही गहाण टाकायची का?” मोठीने काही न बोलता चेन वर ओढली. बाबा येताहेत, हेच तिला खूप होतं.

स्टेडियमात पाहावं तिकडे निळे फ्रॉक होते आणि त्यांतले निम्मे थंडीने कुडकुडत होते. साहेबांनी समाधानाने आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांना त्यांनी आपण होऊन सांगितलं, की गर्दीत मूल हरवतं ते बापाच्या बेसावधपणामुळे, मूल बिचारं कधीच चुकत नाही. गृहस्थांनी मान डोलावली आणि दुसऱ्या बाजूला सरकून बसले.

शो सुरू झाला. बर्फावर निळा उजेड पडला, पेंग्विनांची रांग घसरत आली, मुलं किंचाळली. साहेबांनी सगळ्यात आधी बाहेर जायचे दरवाजे मोजले, मग आग विझवायची यंत्रं, आणि शेवटी बर्फाकडे पाहिलं. वादळात पेंग्विनबाबांच्या हातून पिल्लू सुटलं, तसे साहेब फिस्सकन हसले. “बघा. पुढे स्वतः, मागे पोर. एकदा तरी वळून मोजलं का?” पुढच्या रांगेतली आजी वळून “श्शू!” म्हणाली.

मध्यंतर झालं. साहेबांनी आधी मधल्याला नेऊन आणलं, मग दोघी बहिणींना बायकांच्या स्वच्छतागृहात पाठवून दाराबाहेर उभे राहिले. आत काय झालं ते साधंच होतं. बेसिनपाशी एक सहा वर्षांची मुलगी उभी होती, निळा बिनबाह्यांचा फ्रॉक, ओठही त्याच रंगाचे, दात थडथड वाजत होते. मोठीने आपलं जॅकेट काढून तिला घातलं, टोपडं ओढून दिलं, धाकटीचा हात तिच्या हातात दिला आणि म्हणाली, “हिला धर, मी शू करून आलेच.” नर्सची मुलगी ती. कुडकुडणाऱ्याला पांघरूण घालायचं, हे तिला कुणी सोफ्यावर बसवून शिकवलेलं नव्हतं.

तेवढ्यात घंटा झाली. दिवे मंद झाले. घाबरून ती मुलगी आणि धाकटी बाहेर आल्या. साहेबांनी पाहिलं, धाकटं नारंगी, मोठं नारंगी आणि शेजारी उभं असलेलं मधलं नारंगी.

“एक, दोन, तीन. चला!”

मोजणी अगदी बरोबर होती. फक्त त्यातलं एक मूल दुसऱ्याचं होतं.

“बाबा, ताई...” मधला म्हणाला.

“रांगेत बोलायचं नाही.”

खुर्चीत बसल्यावर त्याने पुन्हा बाही ओढली. “बाबा, पण ही...”

“शो चालू असताना काय करायचं नाही?”

“बोलायचं नाही,” मधला म्हणाला आणि गप्प बसला. परक्या मुलीलाही तिच्या आईने अनोळखी माणसाशी बोलू नकोस असं बजावलेलं होतं, म्हणून तीही गप्प बसली. धाकटीला मांडीवर घेतल्याबरोबर झोप लागली. साहेबांच्या हाताखाली इतकी शिस्तीची माणसं कारखान्यात कधी लाभली नव्हती.

दुसऱ्या भागात साहेबांनी ठरल्याप्रमाणे दर दहा मिनिटांनी मोजणी घेतली. अंधारातही चंदेरी पट्टे चमकत होते. तीन. पुन्हा तीन. परक्या मुलीला शिंक आली, तेव्हा त्यांनी बर्फावरची नजर न काढता रुमालाने तिचं नाक पुसलं. तिला पॉपकॉर्न दिलं. आणि मग ती गिरकी आली. चांदणपरी मधोमध आली, एका पायावर उभी राहिली आणि गरगर, गरगर फिरू लागली, इतकी की नुसता निळा धूर दिसावा. साहेबांनी शेजारच्या नारंगी खांद्यावर हात टाकला आणि मायेने म्हणाले, “हीच ना गं तुझी गिरकी? बघतोय हं मी.”

परकी मुलगी अंग चोरून बसली.

शेवटी पेंग्विनबाबांसमोर शंभर पिल्लं एकसारखी उभी राहिली आणि बापाने डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून आपलं पिल्लू ओळखलं. सगळं स्टेडियम टाळ्यांनी दणाणलं. साहेबांच्याही डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून त्यांनी शेवटची मोजणी घेतली. तीन.

दिवे लागले. गरम होऊ लागलं, म्हणून परक्या मुलीने टोपडं मागे टाकलं. आखूड कुरळे केस, कानात मोत्याचे डूल, पुढचे दोन दात पडलेले.

“तू कोण?” साहेब म्हणाले.

मुलीने ओठ घट्ट मिटले.

“ही ताई नाहीये,” मधला म्हणाला. शो संपला होता, आता बोलायला परवानगी होती. “मी केव्हाचा सांगतोय.”

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. धाकटीला खांद्यावर टाकून, मधल्याला बखोटीला धरून आणि त्या मुलीला पुढे घालून ते पायऱ्या उतरले. उतरताना त्यांचं तोंड चालूच होतं, “हात धरा, हात धरा,” पण कुणी कुणाचा धरायचा ते त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. सुरक्षा अधिकाऱ्याने पळू नये, असा त्यांचा स्वतःचाच नियम होता. ते पळाले.

हिरव्या पाटीखाली मोठी उभी होती. पाठीमागेच बर्फ साफ करणाऱ्या गाडीचा दरवाजा होता, तो सारखा उघडत होता आणि आतून गारठा येत होता. मोठीचे हात काखेत, नाक लाल. शेजारी तिकीट तपासणारी बाई आपला स्वेटर तिच्या खांद्यावर धरून उभी होती.

“तुम्हीच का ते मोजणारे?” बाईने विचारलं. “आत चल म्हटलं, हलत नाही. ऑफिसात चल म्हटलं, हलत नाही. वर निरोप दिला, तर म्हणे शो संपल्याशिवाय काही करता येत नाही. पोरीचं आपलं एकच, बाबा दर दहा मिनिटांनी मोजतात, आता येतील. पुन्हा दहा मिनिटांनी, आता नक्की येतील. पाऊण तास झाला, साहेब.”

साहेबांनी तोंड उघडलं. ‘मी मोजत होतो’ असं ते म्हणणार होते. खरंही होतं ते. पण ते म्हणता येईना.

इतक्यात गाड्या लावायच्या जागेकडून एक बाई रडत धावत आली आणि नारंगी जॅकेटवर झेपावली. पाऊण तास ती निळा फ्रॉक शोधत सगळ्या आवारात फिरत होती. मुलीने आता तोंड उघडलं. “आई, मी त्या काकांशी एक शब्दही बोलले नाही!” बाईने साहेबांकडे असं पाहिलं, की साहेबांनी खिशातून कंपनीचं ओळखपत्र काढलं. त्यावर ‘सुरक्षा’ असं ठळक अक्षरांत छापलेलं होतं. त्याने काही काम सोपं झालं नाही. बाई मुलीला जॅकेटसकट उचलून घेऊन गेली.

गाडी रस्त्याला लागली. मग साहेब खाकरले.

“हे बघा, याला अपघात म्हणत नाहीत. कुणाला लागलं का? नाही. याला म्हणतात थोडक्यात टळलेली घटना. त्याची नोंद फळ्यावर होत नाही. आणि आई दमून येणार, तिला उगाच कशाला?”

“वायरमनकाकांच्या बोटासारखं?” मोठीने मागून विचारलं.

साहेबांनी आरसा नीट केला. नीटच होता तो.

घरी आई ओट्यापाशी चहा गाळत होती. “आलात? तिघंही?”

“मोजून घे,” साहेब म्हणाले. हसायचा प्रयत्न केला, पण जमला नाही. आईने मात्र मोजलं नाही. मोठीच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, “ही इतकी गार का पडलीय? हिचं जॅकेट कुठाय?”

साहेबांनी मोठीकडे पाहिलं. कारखान्यात त्या दिवशी हाताला फडकं गुंडाळून वायरमन त्यांच्याकडे जसा पाहत होता, अगदी तसं.

“एका मुलीला थंडी वाजत होती, तिला दिलं,” मोठी म्हणाली. हेही खरंच होतं. पुढचं ती बोलली नाही.

आई चहाचे कप घेऊन बाहेर गेली. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांना मुलीचा भारी अभिमान वाटला, आणि लाजही वाटली, पण अभिमानापेक्षा थोडी कमी. ते फ्रिजपाशी गेले. फळ्यावर दोनशे तेरा होते. खडू सापडेना.

मोठीने फ्रिजवरच्या डब्यामागचा खडू स्टुलावर चढून काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला.

“लिहा, बाबा. मी आईला सांगणार नाही.” स्टुलावरून ती स्वतःची स्वतःच जपून उतरली. “पण पुढच्या वेळी मी मावशीबरोबर जाईन.”

साहेब खडू धरून उभे राहिले. मागे फरशीवर मोज्यांचा सर्र सर्र आवाज येत होता. मोठी धाकटीला गिरकी करून दाखवत होती. साहेब वळून पाहणार होते, पण आधी त्यांनी दोनशे चौदा लिहिलं, चाराचा पाय नीट गिरवला, आणि वळले तेव्हा गिरकी संपली होती.