माळ्यावरचं नवं रबर

श्यामसुंदर सरांच्या घरात वस्तूंचे दोनच प्रकार: वापरलेल्या आणि नव्या. जुनी असा प्रकारच नाही. न वापरलेली वस्तू दहा वर्षं माळ्यावर तापत पडली, तरी ती नवीच. आणि कसबा पेठेतला त्यांचा माळा थेट पत्र्याखाली होता, त्यामुळे तिथल्या वस्तू नव्याही होत्या आणि भाजलेल्याही.

होडीच्या सेलड्राइव्हचं, म्हणजे तळातून पाण्यात उतरणाऱ्या इंजिनाच्या पायाचं, मोठं रबर त्यातलंच.

होडी ही सरांची निवृत्तीतली चैन. तीस फुटी, शिडाची, एरवी अलिबागकडे पाण्यात. पावसाळ्यात ती बाहेर काढावीच लागते, पण यंदा सरांनी ती ट्रेलरवर घातली, घाट चढवली आणि धायरीला उत्तरेश्वर मेकॅनिकच्या शेडमध्ये आणून उभी केली. डोळ्यांसमोर झालं तेवढंच काम झालं, असं त्यांचं मत. शिवाय होडी विकायची होती. घेणारा तेजस वाघोलीचा, आयटीतला. त्याने धक्क्यावर चौघांकडे चौकशी केली, तेव्हा चारही जणांनी उत्तरेश्वरचंच नाव सांगितलं. म्हणून त्याची अट एकच: सेलड्राइव्हची सगळी सीलं नवी, आणि तसं उत्तरेश्वरच्या सहीचं पत्र.

उत्तरेश्वर धाराशिवहून येऊन पुण्यातल्या एका कारखान्यात लागला, तेव्हा सर तिथे तपासणी विभागाचे प्रमुख होते. रबर वाकवून कसं बघायचं, हे त्यांनीच त्याला शिकवलं. गेली अठ्ठावीस वर्षं तो त्या उपकाराची फेड करत होता. कधी सरांची स्कूटर, कधी गिझर, आता होडी. मुद्दल कमी झाल्याचं सरांनी काही कबूल केलं नव्हतं.

गिअरचं तेल काढलं तर दुधाच्या चहासारखं निघालं. म्हणजे आत पाणी. पंख्याच्या दांड्याला मासेमारीचं नायलॉनचं तंगूस गुंडाळलं होतं, त्याने सील चिरलेलं. उत्तरेश्वरने दोन्ही सीलं बदलली. जुन्या सीलाने दांड्यावर खाच पाडली होती, म्हणून नवं केसभर पुढे बसवलं. सर शेजारी स्टुलावर बसून बघत होते.

"आता मोठं," असं म्हणत त्यांनी कापडी पिशवीतून पाकीट काढलं. "सीलबंद आहे. बघून घे."

उत्तरेश्वरने पाकीट उलटं केलं. मागे छापलेली तारीख अकरा वर्षांपूर्वीची. फोडलं, रबर वाकवलं. घडीवर बारीक भेगा उमटल्या, उन्हाळ्यातल्या टाचेसारख्या.

"सर, हे गेलंय."

"कुठे गेलंय? अकरा वर्षं माळ्यावरून हललेलं नाही."

"रबर बसल्या जागी म्हातारं होतं, सर. तुम्हीच सांगायचात."

"कारखान्यात सांगायचो. तिथला माल कंपनीचा होता."

"याचं आयुष्य सात वर्षं धरतात."

"बसवल्यापासून. अजून बसवलंय कुठे? म्हणजे सातच्या सात शिल्लक."

उत्तरेश्वरने होडीच्या तळाकडे बोट केलं. "हे परातीएवढं भोक बघा. इंजिन आत, त्याचा पाय पाण्यात, आणि मधे एवढंच रबर. समुद्रात फाटलं तर बादलीने उपसायलाही सवड मिळायची नाही."

"म्हणून तर नवं घालतोय."

"मी नाही घालत. पत्रही नाही देत."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "आलास तेव्हा तुला मायक्रोमीटर धरता येत नव्हता."

"हो, सर."

"आणि आता मला रबर शिकवतोस. छान."

तिसऱ्या दिवशी पिंपरीचा एक मेकॅनिक आला. "भाडं भरलंय, ही शेड महिनाभर माझी आहे. तू बाजूला बस," सर म्हणाले. स्टूल मात्र त्यांनी दिलं नाही, त्यावर स्वतः बसले. पिंपरीवाल्याने इंजिन मागे सरकवलं, रबर बसवलं, कडी आवळली, कडेने सीलंटचा हात फिरवला. चार वाजेपर्यंत काम चकचकीत. पत्रही त्यानेच दिलं. रिकामं पाकीट सर घरी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरेश्वरने तेजसला फोन लावला.

"हां काका, बोला! सर म्हणालेच होते, तुमचा कॉल येणार."

"अजून काय म्हणाले?"

"काही नाही हो. काम दुसऱ्याला दिलं म्हणून तुम्ही थोडे अपसेट आहात. इट्स ओके, काका. पत्र त्यांचं चालेल मला. पुढची सर्व्हिसिंग तुम्हालाच."

"पाकिटावरची तारीख बघितली का?"

"फोटो पाठवलाय ना सरांनी. एकदम सीलपॅक."

"मागच्या बाजूचा?"

"काका, मीटिंगमध्ये आहे मी."

"पहिल्या फेरीला कोण कोण जाणार?"

"मी, नम्रता आणि तिचे आई-बाबा. का?"

"पोहता येतं का त्यांना?"

तेजस थंडपणे म्हणाला, "काका, हे जरा जास्त होतंय." फोन बंद झाला.

होडी न्यायला ट्रेलर सकाळी येणार होता. उत्तरेश्वर थोडा वेळ होडीभोवती फिरला. मग पातं घेऊन तळाखाली गेला, सेलड्राइव्हच्या पायाभोवतीची झाकणपट्टी उचलली आणि फटीतून हात घातला. रबर वाटलं होतं त्यापेक्षा चिवट निघालं. एखादा मोसम निघालाही असता, असं त्याच्या मनात आलं, हात थांबला. नसता निघाला तर? त्याने पातं पुन्हा टेकवलं आणि वीतभर चीर पाडली, चिकटपट्टीने झाकता येणार नाही अशी.

हात पुसून त्याने सरांना फोन केला.

"सर, सील फाटलं."

"फाटलं की फाडलंस?"

"फाडलं. आता नवं घालावंच लागेल. नव्या तारखेचं घ्या."

सर ओरडले नाहीत. उलट आवाजात एक समाधान होतं, बरोबर मोजमाप निघाल्यावर असतं तसं.

"तेजसला मी सांगत होतो, माणूस जळका आहे. तो म्हणत होता, नाही हो सर, काका तसे वाटत नाहीत. आता वाटतील."

"नवं सील, सर..."

"मागवतो. बसवायला पिंपरीवालाच येईल. तू शेडची किल्ली त्याच्याकडे देऊन ठेव, आणि काम होईपर्यंत तिकडे फिरकू नकोस."

"हो, सर," उत्तरेश्वर म्हणाला.